उशिरा पंख हलवणाऱ्या बहिणी

पूर्वी एका नगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या बागेतल्या अर्जुनाच्या झाडाच्या ढोलीत, मधमाश्यांच्या पोळ्यात, नर होऊन जन्मला. नाव भद्रक. काम म्हणाल तर आयता मध खायचा आणि चार घरची विचारपूस करायची.

पोळ्यातली राणी सगळ्यांची आई. पण लग्नाच्या भरारीत तिने दहाबारा नर वरले होते, म्हणून मुलींचे बाप वेगवेगळे. ऊन चढलं की पिंगला आणि तिच्या सख्ख्या बहिणी लगेच दाराशी उभ्या राहून पंखांनी वारा घालीत. दुसऱ्या बापाच्या शामेला आणि तिच्या बहिणींना ऊन जाणवायचंच उशिरा. तोवर त्या पिलांना भरवीत बसत.

एका चैत्रात पिंगला म्हणाली, "बापावर गेल्यात मेल्या, आळशी. काढा बाहेर."

भद्रक म्हणाला, "बाप कशाला काढतेस गं? मला तर बापच नाही. नुसत्या आईच्या अंड्यातून झालो. आजोबा तेवढा आहे, तोही आईकडचा."

सगळ्या हसल्या. पिंगला हसली नाही. "एवढा कळवळा असेल तर तूही जा. बाहेर कोण भरवतं बघू."

भरवल्यावाचून नर फार दिवस जगत नाही, हे भद्रकाला ठाऊक होतं. तरी बाहेर काढलेल्या शामा आणि तिच्या बहिणींबरोबर तो निघाला आणि समोरच्या फांदीवर बसला.

दुपारी ढोली तापली. पिंगलेच्या बहिणी सगळ्या एकदम वारा घालू लागल्या, तशा सगळ्या एकदमच दमल्या. आतला गुंजारव थांबला. मऊ झालेल्या मेणाचा वास फांदीपर्यंत आला. आता पोळं पिलांसकट खाली यायचं.

"शामे, ऊन लागलं का?" भद्रकाने विचारलं.

"आत्ता कुठे लागतंय, दादा."

"मग चल. धाकट्या आत आहेत."

शामा उडाली, आणि तिच्यामागे सगळ्या. ताज्या पंखांचा वारा सुरू झाला, मेण पुन्हा घट्ट झालं, एकही पिलू गेलं नाही.

पिंगलेने आपल्या पोटातला मध काढून भद्रकाच्या तोंडाशी धरला. शामेला म्हणाली, "उद्या मी दमले की तू ये हो, बाई."

"तू जरा कमी बोल, म्हणजे दमायचीस उशिरा," शामा म्हणाली. तेव्हा मात्र पिंगलाही हसली.

कुळावरून एका भिक्षूला पंगतीबाहेर बसवणाऱ्या भिक्षूंना शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा सांगितली आणि म्हटलं, "पिंगला आणि तिच्या बहिणी म्हणजे तुम्ही. शामा म्हणजे हा, दाराशी बसवलेला. बिनबापाचा भद्रक तो मी."

भिक्षू सरकले आणि त्यांनी मधे जागा केली. अशा सरकण्यालाच मैत्री म्हणतात.