सेकंदाला तीनशे चित्रं

"पण चाचा, फिल्म का फाटते, एवढंच सांगा ना."

तेजलनं हे तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल मिस्त्री अंगणातल्या कोंबड्यांना कण्या टाकत होते. कॅमेऱ्याकडे त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं.

मिस्त्रींनी कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत चाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त केले होते. स्टुडिओ बंद पडला, फिल्म गेली, डिजिटल आलं. तरी कुणाचा जुना कॅमेरा अडला की माणसं त्यांचंच दार शोधत येत.

तेजल पोतनीस पुण्याहून आली होती. वय सव्वीस, इंजिनीअरिंगला पहिली. तिचा कॅमेरा जुना नव्हता. दोन वर्षं खपून तिनं तो स्वतः बनवला होता. नेहमीच्या जवळजवळ दुप्पट रुंद फिल्मवर तो सेकंदाला तीनशे चित्रं घेणार होता. नेहमीचा कॅमेरा चोवीस घेतो. तीनशे चित्रं चोवीसच्या चालीनं पडद्यावर सोडली, की एका सेकंदाचे साडेबारा होतात आणि डोळ्यांना जन्मात न दिसलेलं दिसायला लागतं.

असा कॅमेरा दरवेळी परदेशातूनच का आणायचा? आपण का करायचा नाही? या एका रागावर तिनं चांगली नोकरी सोडली होती.

एका दिग्दर्शकानं तिला शब्द दिला होता. शनिवारपर्यंत एक रीळ दाखव. विषय कुठलाही चालेल, पण माणसाचा चेहरा हवा. पसंत पडलं तर अख्खा सिनेमा तुझ्या कॅमेऱ्यावर, नाहीतर बाहेरचा मागवतो.

तिच्याकडे फिल्मचा एकच डबा उरला होता. चारशे फूट. तीनशेच्या वेगानं सतरा सेकंद.

आणि वेग दोनशेच्या पुढं गेला की फिल्म फाटत होती.

तिनं लॅपटॉप उघडून आलेख दाखवले. ताण, वेग, तापमान. मिस्त्रींनी ते आदरानं पाहिले, रंग छान आहेत म्हणाले आणि फाटलेली फिल्म मागितली.

"ती टाकून दिली."

"का गं?"

"फाटलेलीच होती ना..."

मिस्त्रींनी हाताला चिकटलेल्या कण्या झटकल्या.

"म्हंजे पेशंट फेकून दिलास, अन् नुसता रिपोर्ट घेऊन आलीस व्हय, इंजिनीअरबाई?"

बॅगेच्या तळाशी दोन हात लांब तुकडा सापडला. मिस्त्रींनी तो कॅमेऱ्यात चढवायला सांगितला. तेजलनं तो पाठ असल्यासारखा चढवला. वरच्या दातेरी चाकावरून खाली, भिंगामागच्या खिडकीतून पुढं, खालच्या चाकावर. चाक आणि खिडकी यांच्यामध्ये फिल्मला एक सैल वळण ठेवावं लागतं. ते तिनं जेमतेम ठेवलं. सैल फिल्म फडफडते आणि गबाळी दिसते, म्हणून पुस्तकातलं वळण आपण निम्म्यावर आणलंय, हे तिनं मान उंचावून सांगितलं.

मिस्त्रींनी मोटरची वायर काढली. हातानं फिरव म्हणाले, एकेक चित्र.

अशानं संध्याकाळ होईल, असं ती पुटपुटली. ऊन हाय अजून, असं ते म्हणाले.

पहिली पाच चित्रं तिनं घाईनं फिरवली. मिस्त्रींनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. तेलानं काळवंडलेला, जड हात.

सहावं चित्र... सातवं... आठवं...

नवव्याला तेजल पुढं वाकली.

वरच्या चाकावरून फिल्म न थांबता येत होती. खिडकीत मात्र ती थांबत होती. अगदी स्तब्ध. चित्र उमटेपर्यंत हलत नव्हती. मग एक हिसका, पुन्हा स्तब्ध. एकच पट्टी, एका टोकाला धावणारी आणि दुसऱ्या टोकाला उभी. मधलं ते वळण तेवढं फुगत होतं, आकसत होतं आणि दोघांचं भांडण पोटात घेत होतं.

"ही सेकंदाला तीनशे वेळा थांबते," तेजल हळूच म्हणाली.

हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. परीक्षेत लिहून तिनं पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते...

मिस्त्रींनी दोन बोटांत वळण धरलं आणि हलकेच बाहेर ओढलं. फिल्मला पोट सुटलं. मग त्यांनी आपल्या पोटावर थाप मारली.

"एवढं पाहिजे."

एवढ्या पोटानं कॅमेऱ्याचं झाकण लागेना. तेजलनं आतली एक पट्टी कानशीनं घासली, तास गेला. मग उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून तिनं शेवटचा डबा चढवला.

आता चेहरा हवा होता. मिस्त्रींनी तोंड धुतलं, धुतलेली टोपी घातली आणि भर उन्हात लोखंडी खुर्ची मांडून बसले. नुसतं बसून काय दाखवू, त्यापेक्षा शिंकतो, असं त्यांनीच सुचवलं. तपकीर ओढली की पाचव्या सेकंदाला येतेच, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

तेजल हरखली. साडेबारा पट लांबलेली शिंक! मोठ्या पडद्यावर, उन्हात तरंगणारा एकेक तुषार. याहून चांगली परीक्षा कुठली?

मिस्त्रींनी चिमूट ओढली. चेहरा ताणला. हात वर केला.

तिनं बटण दाबलं.

कॅमेरा किंचाळला. कोंबड्या कुंपणावर चढल्या. तेजलचा जीव कानात गोळा झाला होता. दोनशे... अडीचशे... तीनशे. फाटली नाही.

तिनं कॅमेऱ्याला डोळा लावला. मिस्त्रींचं तोंड उघडलं होतं. भुवया वर गेल्या, डोळे अर्धे मिटले, नाकपुड्या थरथरल्या... आणि सगळं तिथंच राहिलं.

पाच सेकंद. दहा. भुवया आणखी वर. डोळ्यांच्या कडांना पाणी. चेहऱ्यावर एवढी आशा, की तेजलही तोंड उघडून बसली.

सतरा.

फिल्मचं शेपूट फटफटलं आणि मोटर थांबली.

झाकण उघडायची सोय नव्हती, उन्हानं आतली सगळी चित्रं करपली असती. तिनं फूट मोजणारा काटा पाहिला. चारशेच्या चारशे फूट पार. तिनं अंगणात एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि तिसरी अर्ध्यावर सोडून उभी राहिली.

तेवढ्यात मिस्त्री शिंकले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शेजारच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

तेजल पायरीवर बसली. हसावं की रडावं तिला कळेना. डबा संपला होता आणि शनिवार दोन दिवसांवर होता.

"चाचा, सतरा सेकंदांची पडद्यावर साडेतीन मिनिटं होतात. साडेतीन मिनिटं नुसता तुमचा चेहरा. शिंक आलीच नाही. मी त्या दिग्दर्शकांना दाखवू काय?"

मिस्त्री टोपीनं नाक पुसत होते. डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ हसत होते.

"शिंक काय गं पोरी... शिंक समद्यांनी बघितलीया."