सोपानअण्णांचे ओट्स

एका बाजारगावात सोपान सातपुते नावाचा शिंपी राहत होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. नुसत्या नजरेने तो माणसाचं माप सांगायचा. पण त्याला मधुमेह जडला. डोळ्यांपुढे धूसर दिसू लागलं आणि सुईत दोरा ओवायला बायकोला, मंदाकिनीला, हाक मारावी लागली. त्या दिवशी अण्णा मनातून हादरला. नजर गेली तर शिलाई गेली, आणि शिलाईवाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सकाळी शिऱ्याऐवजी ओट्स खायला सांगितले. अण्णा किराणा दुकानात गेला, तर तिथे ओट्सच्या दोन तऱ्हा. एक बारीक, गरम पाणी ओतलं की तयार. दुसरे जाडे, चुलीवर बराच वेळ शिजवावे लागणारे. कोणते घ्यावेत ते बाईंनी सांगितलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, हल्ली सगळे झटपटवालेच नेतात. अण्णाने झटपटवाले नेले, तेही आंब्याच्या स्वादाचे. चवीला ते छान होते. साखर मात्र उतरेना.

मग जो भेटेल तो शहाणपण सांगू लागला. शेजारी म्हणाला, झटपट म्हणजे नुसता भुसा, सत्त्व सगळं कारखान्यातच राहतं. साडू म्हणाला, दोन्ही एकच, फरक फक्त पाकिटाच्या रंगाचा. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका बाईंनी तर ओट्सच खाऊ नका म्हणून बजावलं. अण्णाला काही सुधरेना. शेवटी त्याने जाडे आणले, कारण निदान ते खाल्ल्यावर कोणी नावं ठेवणार नव्हतं.

पहिल्याच घासाला त्याचं तोंड वाकडं झालं. मंदाकिनीला दया आली, तिने वर गूळ चुरून घातला. पुढे खजूर आले, मागोमाग दुधाची साय आली. पदार्थ पथ्याचा, म्हणून वाटीच्या जागी वाडगा आला. अण्णा समाधानाने खायचा. चांगलंच काहीतरी पोटात जातंय, असं त्याला वाटायचं. आणि साखर आणखी चढली.

त्याच्या दुकानाला लागून हैदर मणियाराचं बांगड्यांचं दुकान होतं. हैदरलाही मधुमेह होता, पण त्याची साखर ताब्यात होती. कोणते ओट्स खातोस, असं अण्णाने विचारलं. हैदर म्हणाला, बारीक, झटपट होणारे.

अण्णाचं डोकं पार चक्रावलं. चांगले खाणाऱ्याचं वाईट व्हावं आणि वाईट खाणाऱ्याचं चांगलं, हा कुठला न्याय? डॉक्टरीणबाईंनाच काही कळत नाही, असं त्याने ठरवून टाकलं. आता ओट्स बंद आणि गोळ्याही बंद, असं त्याने हैदरला सांगितलं. हैदर घाबरला. काही सोडायचं ते उद्या सोडा, सकाळी आधी माझ्याकडे न्याहारीला या, अशी गळ त्याने घातली.

सकाळी हैदरच्या घरी अण्णापुढे एक लहान वाटी आली. पातळ ताकात शिजवलेले साधे बारीक ओट्स, वर किसलेली काकडी. गोडाचा पत्ता नाही. अण्णा वाटीकडे बघतच राहिला.

“तुमच्या वाटीत काय काय असतं, अण्णा?” हैदरने विचारलं.

“ओट्स.”

“आणि?”

अण्णाच्या मनात आलं, नुसतं दूध असतं म्हणून सांगितलं असतं, तर कोण शहानिशा करणार होतं? त्याने मान वर केली. हाताच्या अंतरावर बसलेल्या हैदरचा चेहराही त्याला स्पष्ट दिसेना. मग त्याने सगळं सांगून टाकलं. गूळ, खजूर, साय, वाडगा. हैदर हसला नाही. चपला घालून तो अण्णाला थेट दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कोणते ओट्स, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं, की दाणा एकच, जाड्या आणि साध्या बारीक ओट्समध्ये सत्त्व जवळजवळ सारखंच. बारीक लवकर पचतं, म्हणून रक्तात साखर झटकन चढते. जाडं सावकाश पचतं, म्हणून ते थोडं उजवं.

“म्हणजे मी चुकीचे ओट्स खात नव्हतो?” अण्णाने गोंधळून विचारलं.

“ओट्स बरोबरच होते,” बाई म्हणाल्या. “गोड पाकिटात कारखान्याने साखर घातली होती. ती तुम्ही सोडलीत आणि गूळ घरून घातलात.” गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असं त्यांनी निक्षून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मंदाकिनीने वाडग्यावर गूळ चुरायला घेतला, तेव्हा अण्णाने तिचा हात धरला आणि फडताळातली लहान वाटी मागितली.

“अहो, पण नुसते जाडे ओट्स घशाखाली उतरणार कसे?” तिने काळजीने विचारलं.

“चावून,” अण्णा म्हणाला, आणि वाटी पुढे ओढली.

तात्पर्य: एखादी वस्तू चांगली की वाईट हे दहा जणांना विचारण्याआधी, आपण तिच्यात काय मिसळतो ते स्वतःशी खरं सांगावं.