न आलेल्यांच्या घरी

डोंगरांना अजून कोणी नावे दिली नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका उंच गडावर एक राणी राज्य करत होती. राज्य लहान होते, पण शेजारी मोठे आणि हावरे होते. म्हणून गडाखालच्या खेड्यांतून घरटी एक तरुण राणीच्या फौजेत जात असे.

त्या राज्यात एक चाल होती. दर पौर्णिमेच्या सकाळी गडावरच्या मैदानात फौजेची हजेरी होई. जिवंत शिपायांची नावे संपली की लढाईत पडलेल्यांची नावे पुकारली जात. पडलेल्याच्या नावाला त्याच्या घरच्या माणसाने "हजर" म्हणायचे. तसे म्हटले की त्या घराला महिन्याचा शिधा मिळे: चार पायल्या नाचणी, डाळ, गूळ, मीठ आणि बुधलाभर तेल.

पण ज्याने चितेला अग्नी दिला, त्यानेच हे उत्तर द्यायचे असा नियम होता. लागोपाठ तीन पौर्णिमा उत्तर आले नाही, तर नाव खोडले जाई. खोडलेले नाव पुन्हा लिहीत नसत.

एकदा खिंडीतल्या लढाईत हैबती नावाचा शिपाई पडला. त्याच्या मागे त्याची बायको, चार वर्षांची मुलगी आणि धाकटा भाऊ राहिले. आईबाप लवकर गेले होते. हैबतीनेच भावाला खांद्यावर घेऊन वाढवले होते. पोहायला, लाकूड फोडायला, इतकेच काय, भाकरी थापायलाही त्यानेच शिकवले होते. त्याच भावाने त्याला अग्नी दिला.

पहिली पौर्णिमा आली. भाऊ गड चढून गेला आणि रांगेत उभा राहिला. हजेरी घेणारा सुभेदार म्हातारा होता. एका लढाईत त्याचा डावा हात गेला होता. त्याने पुकारले, "हैबती!"

भावाने मान खाली घातली. सुभेदाराने पुन्हा पुकारले.

"हजर नाही तो!" भाऊ ओरडला. "मी माझ्या हातानं जाळलाय त्याला. खोटं कशाला बोलू?"

आणि शिध्याकडे न पाहताच तो गड उतरून गेला.

दुसऱ्या पौर्णिमेला तो गेलाच नाही. गावात लोक बोलू लागले. एक म्हणाला, "वीराचा भाऊ म्हणे! एक शब्द तोंडातून निघेना." दुसरा म्हणाला, "अरे, घरात कणगी भरलेली असेल. गरज असली की माणूस बरोबर येतो."

कणगी रिकामी होती. वहिनी लोकांच्या शेतात निंदायला जाई. संध्याकाळी ती नाचणीची आंबील करी, आणि त्या आंबिलीत रोज थोडे पाणी वाढत होते. भाऊ मोळ्या विकायला जाई, पण कोणी हैबतीचे नाव काढले की मोळी तिथेच टाकून निघून येई. मुलगी आंबील पिऊन वाटी चाटी आणि काही मागत नसे.

तिसरी पौर्णिमा उद्यावर आली, तेव्हा वहिनी म्हणाली, "भावोजी, उद्या गडावर जायचं."

"भावाच्या रक्ताचं धान्य मला नको, वहिनी."

"तुम्हाला नको ना? मग तुम्ही खाऊ नका. माझ्या पोरीच्या ताटातली भाकरी काढणारे तुम्ही कोण?"

भाऊ उठून दाराकडे वळला. मग वहिनीच हळू आवाजात म्हणाली, "मला गोड लागणार आहे का ते? पण ती काही भीक नाही. तिच्या बापानं तिच्यासाठी ठेवलंय ते."

सकाळी तिघेही गड चढले. सुभेदाराने पुकारले, "हैबती!"

"हजर!" वहिनी म्हणाली.

हजेरीची वही घेऊन बसलेल्या कारकुनाने नकारार्थी मान हलवली. "बाई, अग्नी कुणी दिला?"

"या माझ्या दिरानं."

"मग त्यानंच बोलायचं. तुमचं उत्तर नियमात बसत नाही."

सगळे भावाकडे पाहू लागले. त्याने तोंड उघडले. एकच शब्द होता आणि आज तो त्याला खरोखर म्हणायचा होता. पण आवाज फुटेना. तो मातीत खाली बसला आणि भर मैदानात हुंदके देऊन रडू लागला. मुलगी त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "काका, राहू दे. मला भूक नाही."

कारकुनाने नाव खोडायला बोरू शाईत बुडवला.

"थांब," सुभेदार म्हणाला. "आजवर किती नावं खोडलीस?"

"अकरा."

"का?"

"तीनदा कुणी आलं नाही. गरज नसेल त्यांना."

"कुणी घरी जाऊन पाहिलं?"

"ते नियमात बसत नाही, सुभेदार."

"मग नियमाला म्हणावं, जरा सरकून बस."

लोक हसले. म्हातारा हसला नाही. तो म्हणाला, "तुझ्याकडे बोट दाखवून काय करू? नावं तर मीच पुकारत होतो. समोरून आवाज आला नाही की मी पुढचं नाव घ्यायचो. वीस वर्षं."

तो तसाच राणीकडे गेला आणि त्याने सगळे सांगितले. राणीने त्याच दिवशी अकरा घरांकडे अकरा स्वार पाठवले.

स्वार परत आले ते खाली मान घालून. एका घरी म्हातारा बाप पायाने अधू होता, त्याला गड चढता येत नव्हता. एका आईला मुलाचे नाव कानावर पडले की भोवळ येत होती. एका विधवेला शिध्याची चाल कोणी सांगितलीच नव्हती. दोन पोरके भाऊ रानातले कंद उकडून खात होते. बाकीच्या घरीही असेच काही ना काही होते. अकराव्या घराला मात्र बाहेरून कडी होती. शेजारी म्हणाले, "म्हातारी उन्हाळ्यातच गेली. उपाशी होती, पण शेवटपर्यंत कुणाजवळ बोलली नाही."

राणी आसनावरून उठली. मग म्हणाली, "शिपाई न्यायचा होता, तेव्हा मला ते घर बरोबर सापडलं होतं. शिधा द्यायच्या वेळी वाट कशी विसरले?"

त्या दिवसापासून नियम बदलला. पडलेल्याचे नाव कधीच खोडायचे नाही. घरातल्या कोणीही उत्तर द्यावे. आणि ज्या नावाला उत्तर येणार नाही, त्या घरी सूर्य मावळायच्या आत शिधा घेऊन घोडा पोचलाच पाहिजे. हैबतीची मुलगी वयात येईपर्यंत तिच्या घरची नाचणी कधी संपली नाही. एका म्हातारीसाठी मात्र हा नियम उशिरा आला. तिच्या दाराची कडी पुन्हा कधी उघडली नाही.

घोड्यांबरोबर जायला माणसे हवी होती. भाऊ सुभेदाराला म्हणाला, "मी जातो. माझ्याच्यानं हजर म्हणवत नाही. पण ज्यांच्याच्यानं म्हणवत नाही, त्यांच्या दारात मला उभं राहता येईल."

पुढे दर पौर्णिमेला वहिनी खणखणीत आवाजात "हजर" म्हणे. भाऊ तेव्हा गडाच्या दरवाजापाशी घोडा लादून थांबलेला असे. न आलेल्यांच्या घरी गेला की तो पोते उतरवी, प्यायला पाणी मागे आणि ओट्यावर बसून राही. समोरचे माणूस बोलले तर ऐके, रडले तर तेही ऐके, आणि उठायची घाई कधी करत नसे.

बोध: जो मागायला येत नाही, त्याच्या दारी राज्याने सर्वांत आधी जावे.