गिधाडाच्या कड्यावरचं नेट

"नेट परत मेलं!" धारवणचे राजेसाहेब ओरडले. भिंतीवरचा मोठा टीव्ही काळाठिक्कर पडला होता.

संस्थान विलीन होऊन तीन पिढ्या उलटल्या होत्या. सगळे ज्यांना 'सरकार' म्हणत, त्या राजेसाहेबांचा हेका मात्र अजून विलीन व्हायचा होता. समोरच्या गडाच्या कड्यावर गिधाडाच्या जोडीनं अंडं घातलं होतं. लोकांना मोराचं कौतुक, सरकारांना गिधाडाचं! त्यांनी गडावर कॅमेरा बसवला, शेजारी सिमकार्डाचा राउटर ठेवला. बंगल्यावर बटण दाबलं की घरट्याचा ताजा फोटो टीव्हीवर यायचा. पण रोज सकाळी बटण दाबावं, तर पडदा काळा! मग गडाचा राखणदार बाळकू नाईक अडीचशे पायऱ्या चढून राउटर बंद करी, चालू करी, आणि माणूस दिसताच गिधाड अंडं सोडून उडून जाई.

"अंडं गार पडून वाया जाईल!" सरकार कडाडले. "बाळकू, रात्री राउटरची पिन काढून तूच तुझा फोन चार्ज करतोस!"

"देवाशपथ न्हाई, सरकार! माझा साधा फोन, चार दिस चालतोय!"

शहरातून दोन इंजिनिअर आले. त्यांनी अँटेना फिरवला, सिम बदललं, दोनदा चहा घेतला आणि नेट तेवढं चालू करून, "टॉवरचा प्रॉब्लेम आहे" असं सांगून गेले.

मग सरकारांनी हुकूम सोडला. "आजपासून आठ दिवस गडावर कुणी पाऊल ठेवायचं नाही. राउटरला कुणाचा हात लागायचा नाही. आणि नेट एकदाही बंद पडायचं नाही! पडलं तर बाळकू, राखण सोडायची आणि पायथ्याचं घर रिकामं करायचं!"

बाळकूच्या तोंडचं पाणी पळालं. सात पिढ्यांची राखण, आणि ती एका डबड्यापायी जाणार! त्याची लेक हौसा दुधाची किटली घेऊन मागेच उभी होती. बंगल्यावर रोजचं दूध तीच घालायची. बापाचा चेहरा पाहून तीच पुढे झाली.

"कबूल, सरकार!"

"अगं ए!" बाळकूनं तिचा पदर ओढला.

"पर नेट टिकलं, तर मागंन ते द्यायचं."

"दिलं! पण गडावर जायचं नाही, हे ध्यानात आहे ना?"

"जातंय कोन? आट दिस बा आन मी तुमच्या वट्ट्यावर, तुमच्या नजरंसमोर बसतो. फकस्त येक भ्या वाटतंय. मधीच नेट गेलं आन गुपचूप परत आलं, तर तुमाला कसं कळायचं? लोक म्हनतील, हौसानं सरकारांना फसीवलं."

"मला फसवणार?" सरकारांच्या मिशा थरथरल्या. "दर दहा मिनिटांनी बटण दाबून बघेन!"

"आन रातीला डोळा लागला म्हंजी?"

"रात्री कारभारी दाबतील! पहाटे राणीसाहेब! बघतोच कशी फसवतेस!"

हौसानं तोंडाला पदर लावला.

झालं! बंगल्याची झोप उडाली. सरकार ताट घेऊन टीव्हीसमोर बसू लागले. कारभाऱ्यांचे डोळे तांबारले. राणीसाहेबांनी मात्र तिसऱ्या दिवशीच एक गोष्ट हेरली. "बघितलंत? गिधाडाचा नवरासुद्धा पाळीनं अंड्यावर बसतो!" त्यानंतर पहाटेची पाळीही सरकारांकडेच आली.

हौसा ओट्यावर शेंगा फोडत होती. "पोरी, तू करतीयास तरी काय?" बाळकू तासातासाला विचारी.

"शेंगा फोडतीया, बा!"

सहाव्या दिवशी सरकारांनी दणदणीत जांभई दिली. "पुरे झालं. नेट ठीक चाललंय. आज सगळे झोपा!"

हौसाची शेंग हातातच राहिली. पण ती हसून म्हणाली, "झोपा, सरकार, खुशाल झोपा. आमचं काम सोपं हुईल!"

"काय काम?" सरकार ताडकन उठून बसले. "कारभारी, चहा आणा! कुणी झोपायचं नाही!"

आठव्या दिवशी दुपारी सरकारांनी बटण दाबलं आणि टाळीच वाजवली. अंडं फुटलं होतं, आत एक टकलं, कुरूप, गोजिरवाणं पिल्लू!

"हौसा, जिंकलीस! आता खरं सांग. कुणाला गडावर चढवलंस?"

"कुनालाच न्हाई. म्या काईच केलं न्हाई, सरकार. नेट तुमीच जागं ठिवलं!"

"मी?"

"दूध घालाया येते तवा बगत व्हते. येकदा पाव्हणं आलं, रातभर बटन दाबत बसलं, त्या सकाळी नेट जित्तं व्हतं. येरवी तुमी झोपला की जायाचं. आमी राखणदार मानसं. रानातल्या माळ्यावरचा राखणीचा गडी हाळीला ओ देईना, तर शेजारी समजतो, गेला घरला. तसंच हे! कुनी काय मागंना, की सिमवाल्या कंपनीला वाटतं हितं मानूसच न्हाई, आन ती दार लावून घेती. तुमी दर धा मिन्टाला हाळी घातली, नेटनं ओ दिली!"

सरकारांनी बटणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मी जन्मभर बटण दाबत बसू?"

"कशापायी? माझं मागनं ऐका की! गडावर येक अँटेना आमच्या वाडीकडं तोंड करून लावा. चाळीस घरं हायती. कुनी बाजारभाव बगंल, कुनी लेकीचं त्वांड बगंल, म्हाताऱ्या भजनं लावतील. रातंदिस कुनी ना कुनी मागतंच ऱ्हाईल. नेटला झोपायला सवडच घावायची न्हाई!"

"उद्याच लावतो!"

"उद्या कसं? गडावर गेलं तर पाखरू उडंल. पिल्लाच्या पंखात बळ येऊ द्या."

"त्याला किती दिवस?"

"तीन-चार म्हैनं. तवर बटन तुमीच दाबा, सरकार!"

कारभाऱ्यांनी कपाळावर हात मारला. सरकार मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसतहसतच त्यांनी वाडीला नेट कबूल केलं, बाळकूची राखण कायम केली, आणि गडावरच्या राउटरची देखरेख पगारासकट हौसाच्या हाती दिली. मग दहा मिनिटं झाली म्हणून घाईघाईनं बटण दाबलं.