संचालकांची लाल सही

डॉ. निर्मला वाळिंबे यांच्या बढतीच्या मुलाखतीत संस्थेचे संचालक शिरगोपीकर यांनी त्यांच्या शोधनिबंधांची यादी दोन बोटांत धरून हलवली.

"बाई, निम्मे शोधनिबंध मेंदूवर, निम्मे फुप्फुसांवर! एका माणसाला दोन्ही विषय कळणं शक्यच नाही. ही निव्वळ भटकंती आहे."

बाहेरून आलेले दोन्ही तज्ज्ञ माना डोलवू लागले.

निर्मलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं प्रयोगशाळेत आपण खपायचं, आणि निबंध छापायला निघाला की संचालकांनी फक्त विचारायचं, "माझं नाव घातलंय ना?" त्या नावाशिवाय संस्थेतून एक पान बाहेर जात नसे.

त्यांनी पर्समधून लाल पेन काढून संचालकांपुढे ठेवलं.

"सर, या बावीसही निबंधांवर माझ्या नावाबरोबर तुमचं नाव आहे. तेव्हा जो विषय तुम्हाला कळत नाही, त्यातल्या निबंधांवरचं आपलं नाव तुम्हीच खोडा. मेंदू की फुप्फुसं, तेवढं ठरवा."

तज्ज्ञांनी यादी ओढून घेतली. वाचता वाचता एकाला हसू आवरेना.

संचालकांनी पेन उचललं, बोटांत फिरवलं आणि बढतीच्या कागदावर टेकवलं. त्या कागदावरची त्यांची सही आजही लाल आहे.