चिंगी चिचुंद्री आणि चौथी भिंत

पाय आत घ्या. बोट तोंडातून काढा. गोष्ट सुरू होतेय.

एक होती चिचुंद्री. नाव तिचं चिंगी. नाक लांब, शेपटी बारीक, आणि वास? वासाचं विचारूच नका. ती आली की लोक नाक दाबायचे. चिंगीला त्याचं काही नाही. ती म्हणायची, "नाक तुमचं, तुम्ही दाबा."

माळावर तिचं बीळ होतं. बिळात तिची पिल्लं होती. एका सकाळी चिंगी खाऊ आणायला गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

तेवढ्यात माळावर आली एक मोठ्ठी गाडी. घर्र घर्र घर्र. गाडीत काय? भिंती. हो हो, तयार भिंती. गावाची बालवाडी बांधायची होती ना, तिच्या.

इडली कशी होते? साच्यात. तशी ही भिंतही साच्यात होते, कारखान्यात. बाहेरून गुळगुळीत, आतून पोकळ. खिडकीसकट होते. नळाच्या भोकासकट होते. विटा नकोत, धूळ नको, महिनोन् महिने ठोकठोक नको. आणायची, उभी करायची, बोल्ट पिळायचा. सकाळी नुसता माळ, संध्याकाळी बालवाडी.

फक्त एक आहे. या भिंती ओळीनं उभ्या राहतात. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. आणि कारखान्यातल्या शहाण्यांनी गाडी भरली उलटी. चौथी सगळ्यात वर. मग काय, क्रेननं चौथी उतरवली आणि बाजूला आडवी टाकली. धप्प. नेमकी चिंगीच्या बिळाच्या दारावर. मग तिसरी आणि दुसरी उतरवली. पहिली उभी केली. दुसरी उभी केली. आणि मग सगळं थांबलं.

चिंगी परत आली. बघते तर दार गायब. आतून आवाज आला, चीं चीं चीं. पिल्लं आत, आई बाहेर, आणि पिल्लांना भूक लागलेली.

चिंगी म्हणाली,
"चौथीबाई, चौथीबाई, हलता का?
दार दिसेना.
माझी पिल्लं आत."

चौथी आडवी पडून आभाळ बघत होती. ती म्हणाली, "मी नाही जा. आधी तिसरी उभी राहील, मग मी हलेन. नंबर म्हणजे नंबर."

चिंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"तिसरीबाई, तिसरीबाई, उभ्या राहता का?
चौथी हलेना.
दार दिसेना.
माझी पिल्लं आत."

तिसरीला खिडकी होती, म्हणून भारी तोरा. ती म्हणाली, "मी नाही जा. आधी क्रेन उचलेल, मग मी उभी राहीन. मला काय पाय आहेत?"

चिंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"क्रेनताई, क्रेनताई, उचलता का?
तिसरी उभी राहीना.
चौथी हलेना.
दार दिसेना.
माझी पिल्लं आत."

क्रेनची मान केवढी, आणि डोकं? डोकं नाहीच. क्रेन म्हणाली, "मी नाही जा. आधी सर्जेराव उठतील, मग मी उचलेन. मला चालवतात ते."

चिंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

सर्जेराव क्रेनच्याच सावलीत झोपले होते. घुर्र घुर्र. चिंगी गेली थेट मिशीपाशी. वास गेला नाकात. काकांचा एक डोळा उघडला.

"सर्जेरावकाका, सर्जेरावकाका, उठता का?
क्रेन उचलेना.
तिसरी उभी राहीना.
चौथी हलेना.
दार दिसेना.
माझी पिल्लं आत."

काका म्हणाले, "मी नाही जा. आधी चहा मिळेल, मग मी उठेन. हे मी झोपेतच बोलतोय." आणि डोळा मिटला.

चिंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

माळाच्या कडेला मंजुळामावशींची चहाची टपरी होती.

"मंजुळामावशी, मंजुळामावशी, चहा देता का?
काका उठेनात.
क्रेन उचलेना.
तिसरी उभी राहीना.
चौथी हलेना.
दार दिसेना.
माझी पिल्लं आत."

मावशींनी नाकाला पदर लावला. त्या म्हणाल्या, "मी नाही जा. आधी गाळणी मिळेल, मग मी चहा देईन. न गाळता दिला, तर सर्जेराव दिवसभर दात कोरत बसतील. गाळणी नेलीय आमच्या नातीनं, दुर्वानं. तिला विचार."

चिंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

दुर्वा टपरीमागे वाळूत बसली होती. अर्धी वाळू खाली, अर्धी चड्डीत. गाळणीनं वाळू चाळायची आणि घर बांधायची. चमचाबाईसाठी. चमचाबाई म्हणजे तिची बाहुली, चमच्याला फडकं गुंडाळलेलं. घर उभं राहायचं आणि पडायचं. भुस्स.

"दुर्वाताई, दुर्वाताई, गाळणी देता का?
चहा मिळेना.
काका उठेनात.
क्रेन उचलेना.
तिसरी उभी राहीना.
चौथी हलेना.
दार दिसेना.
माझी पिल्लं आत."

दुर्वा म्हणाली, "मी नाही जा. आधी माझं घर होईल, मग मी गाळणी देईन."

तेवढ्यात घर पुन्हा पडलं. भुस्स. दुर्वानं भोकाड पसरलं.

चिंगी खाली बसली. आता कोणाकडे जायचं? पुढे कोणी नव्हतंच. माळावरून आवाज येत होता, चीं चीं चीं. मग चिंगीही रडली. दोघी मिळून रडल्या, चांगल्या मनसोक्त.

रडता रडता चिंगीनं वर बघितलं. समोर पहिली भिंत उभी. दुसरी भिंत उभी. ताठच्या ताठ.

"हात्तिच्या," चिंगी म्हणाली.

टपरीखाली टोस्ट सांडले होते. कडक, चौकोनी टोस्ट. चिंगीनं एक ओढत आणला आणि वाळूत खोचला. ती पहिली भिंत. मग दुसरी. मग तिसरी. मग चौथी. ओळीनं, हं. वर एक टोस्ट आडवा ठेवला. ते छप्पर.

घर पडलं का? नाही पडलं. दुर्वानं फुंकर मारली. फू. तरी नाही पडलं.

चिंगीला भूक लागलेलीच होती. तिनं एका भिंतीचा तुकडा कुरतडला. कुर्रम.

"खिडकी," दुर्वा म्हणाली आणि चमचाबाईला आत झोपवलं.

मग काय विचारता.

दुर्वाचं घर झालं.
गाळणी मिळाली.
चहा मिळाला. सुर्र सुर्र.
काका उठले.
क्रेननं उचललं. घर्र घर्र.
तिसरी उभी राहिली.
चौथी हलली.
दार दिसलं.
आणि पिल्लं?

पिल्लं आली बाहेर. पहिल्यानं तोंडात धरली आईची शेपटी. दुसऱ्यानं धरली पहिल्याची. तिसऱ्यानं धरली दुसऱ्याची. चिचुंद्र्या अशाच चालतात, साखळी करून. कोणी हरवायला नको. चिंगीनं मागे वळून सगळ्यांना हुंगलं, चाटलं, आणि पुन्हा एकदा हुंगलं.

तोवर चौथीही उभी राहिली. बोल्ट पिळले. खटक खटक. बालवाडी तयार.

पण सर्जेराव डोकं खाजवत होते. चौथीत होतं नळाचं भोक, आणि नळ आला होता पहिलीकडे. कारखान्यात पडलेलं भोक काही सरकत नाही. "आता या भोकाचं काय करायचं?" सर्जेराव म्हणाले.

चिंगीनं जुन्या बिळाकडे बघितलं. तिथे आज भिंत पडली. उद्या घसरगुंडी येईल. नकोच ते. ती चौथीसमोर जाऊन उभी राहिली. मागे सगळी साखळी.

"माझं दार बुजवलंस ना? मग हे दार माझं."

चौथी म्हणाली, "मी नाही जा."

चिंगी म्हणाली, "तू कुठे जातेस? मीच येते."

आणि गेली आत. तुरुतुरु तुरुतुरु. आत पोकळी. ऊन नाही, वारा नाही, मस्त गार. मागोमाग पिल्लंही आत गेली.

आता रोज बालवाडी भरते. मुलं नाक दाबून गाणी म्हणतात. बाई विचारतात, "कसला गं हा वास?" दुर्वाला माहीत आहे. ती काही सांगत नाही. खिशातला टोस्ट हळूच भोकापाशी ठेवते.

भिंती झाल्या उभ्या. गोष्ट झाली आडवी. आता तुम्हीही व्हा आडवे.