खाणीत गवत कुणी पेरलं?

इतकी बोलकी माझी भागूअक्का, तिला यमाला दोन उलटे प्रश्न विचारून माघारी धाडता आलं नाही? वैद्यबुवांना विचारलं, गुरवाला विचारलं. अहो, जिने सोनखांबच्या महाराजांसमोर हार मानली नाही, तिला यम जड गेला?

झालं होतं असं. महाराजांना शिकारीच्या बंगल्यापर्यंत पक्का रस्ता हवा होता. त्यासाठी त्यांनी आमच्या खैरवाडीचं गायरान खणलं. मुरूम नेला, खडी नेली आणि गावाला भलामोठा खड्डा ठेवला. माती नाही, गवताची काडी नाही. गावाची गुरं अक्का राखायची. आता चारायची कुठे?

गाव दरबारात गेलं. "महाराज, रस्ता झाला, आता गायरान परत द्या!"

"ती जमीन मेली," महाराज म्हणाले. "तिथे मी घोड्यांची पागा बांधणार."

"मेली नाही महाराज, झोपलीय!" मागून अक्का बोलली.

"असं? मग उठवून दाखव! दसऱ्याला मी स्वतः येईन. हिरवी दिसली तर तुमची, नाहीतर माझी पागा. पण माणसाने बाहेरून पाटीभरसुद्धा माती आणायची नाही. आणलीत तर ती दुसरीच जमीन झाली! आणि माणसाच्या हाताने एक बी पेरायचं नाही. जिवंत असेल तर उगवेल आपली आपण."

दिवाणजी मिशीत हसले. "हे काय बोलणं झालं?" मी ओरडलो. अक्काने मला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य घशातच राहिलं.

"कबूल, महाराज!" ती म्हणाली.

घरी येऊन तिने मला कामाला जुंपलं. खाणीत पडलेले दगड आम्ही उतारावर आडवे रचले, ओळीमागे ओळ. लोक विचारायचे, "भागू, दगडाचं पीक घेतेस काय गं?"

"तुम्हाला देईन की पायलीभर!" ती म्हणायची.

उन्हाळा सरता सरता मायाप्पा धनगर घाटाकडून कळप घेऊन आला. मेंढ्या रात्री शेतात बसवल्या की खत मिळतं, म्हणून दरवर्षी गावात भांडण लागायचं: आधी माझ्या शेतात, आधी माझ्या! अक्काने मायाप्पाला भाकरी-पिठलं वाढलं आणि कळप नेला थेट खाणीत.

"अगं, खड्ड्यात कुणी मेंढ्या बसवतं का?" मी कपाळावर हात मारला. "आपल्या शेतात तरी बसव!"

"तू गप. मेंढ्यांना तक्रार नाही, तुला कशाला?"

कळप बसला, उठला, निघून गेला. पुढे पाऊस झाला. दसऱ्याला महाराजांची पालखी खाणीच्या काठावर थांबली. खाली मारवेल गवत डुलत होतं, दगडांच्या ओळींमागे तरवड आणि बाभळीची रोपं वर आली होती.

"लबाडी!" दिवाणजी किंचाळले. "ही माती आली कुठून?"

"वरच्या टेकडीवरून," अक्का म्हणाली.

"म्हणजे बाहेरून आणली!"

"आम्ही नाही, पावसाने आणली. आमच्या दगडांनी ती फक्त अडवली. दिवाणजी, पावसाला हुकूम वाचून दाखवायचा राहिला का?"

महाराजांचा ओठ हलला. "आणि बी कुणी पेरलं?"

"पेरणाऱ्याला अभय असेल तर हजर करते."

"दिलं!"

मायाप्पाकडून मागून ठेवलेला शिंगवाला एडका मी खांद्यावरून आणला आणि पालखीपुढे उभा केला.

"हा पेरकरी," अक्का म्हणाली. "याचा कळप रानोमाळ गवत आणि बाभळीच्या शेंगा खाऊन आला, रात्री इथे बसला आणि पेरणी करून गेला. माणसाचा हात लागला असेल तर शपथ!"

"पण कळप तू बोलावलास!" दिवाणजी म्हणाले.

"बसायला बोलावला. बसल्यावर काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवलं!"

तेवढ्यात एडक्याने शेपूट हलवलं आणि दिवाणजींच्या जोड्याशेजारी टपटप लेंड्या टाकल्या.

"बघा, अजून पेरतोय!" मी ओरडलो.

महाराज इतके हसले की पालखी डोलायला लागली आणि भोयांनी ती घाईघाईने खाली ठेवली. "गायरान तुमचं!" डोळे पुसत ते म्हणाले आणि अंगावरचा जरीचा शेला काढून त्यांनी अक्काला दिला.

अक्काने तो एडक्याच्या पाठीवर घातला. "पेरणी त्याची, मान त्याचा!"

महाराज पुन्हा हसत सुटले. एडक्याने मात्र मान वळवून शेल्याचं एक टोक चघळून टाकलं.

तो शेला अक्काने कधी वापरला नाही. गुरांमागे मळेल म्हणायची. परवा तिला नेताना मी तो पेटीतून काढला, तिच्या अंगावर नीट घातला आणि चघळलेलं टोक आत दुमडलं.